चोवीस तासांचा हिशेब : माध्यमिक शाळेतील मुलामुलींची दिनचर्या आणि आरोग्य

आमच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आठवी ते दहावीच्या वर्गांतील मुलेमुली वर्षभर येत असतात. सोबत आई असते, वडील असतात, कधी आजी-आजोबा असतात. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. डोके दुखते, प्रार्थनेला उभे असताना चक्कर येते, पित्त होते, पोटात दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, स्वभाव चिडचिडा झाला आहे. पालकांच्या मनात एखाद्या मोठ्या आजाराची धास्ती असते आणि काही जण तर मेंदूचा स्कॅन काढण्याची तयारी ठेवूनच आलेले असतात. आवश्यक त्या तपासण्या केल्या जातात आणि पुष्कळदा त्यांत गंभीर असे काही आढळत नाही. त्यावर पालकांचा साहजिक प्रश्न असतो : "म्हणजे हे सारे नाटक आहे का?"

तसे समजणे योग्य नव्हे. त्रास खरा असतो. परंतु त्याचे मूळ एखाद्या अवयवात नसून मुलाच्या दिवसात असते. तो किती वाजता उठतो, काय खाऊन बाहेर पडतो, किती वेळ उघड्यावर असतो आणि रात्री केव्हा निजतो, हे विचारले की निदानाची वाट मोकळी होऊ लागते. या अहवालाच्या बहुतेक वाचकांच्या घरी, शेजारी वा नात्यात या वयाचे मूल असणारच. म्हणून माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याच्या दिनचर्येचा आणि तिच्या आरोग्यावरील परिणामांचा विचार येथे करीत आहोत.

दिवस कसा सरतो

शहरातील सकाळच्या सत्रातील शाळेत दहावीला असणाऱ्या विद्यार्थ्याचा एक नेहमीचा दिवस घेऊ. शाळा सात वाजून दहा मिनिटांनी भरते, म्हणून तो साडेपाचला उठतो. चहा आणि दोन बिस्किटे घेऊन निघतो. साडेबारास शाळा सुटते, घरी येऊन जेवेपर्यंत दीड वाजतो. तीन ते पाच एक शिकवणी, सहा ते आठ दुसरी. मधल्या तासाभरात रस्त्यावरचा वडापाव. रात्री नऊला जेवण, मग शाळेचा आणि शिकवणीचा असा दुहेरी गृहपाठ. अकरा वाजता वह्या मिटतात. त्यानंतरचा पाऊण तास हाच त्याला आपल्या हक्काचा वाटतो, आणि तो मोबाईलवर जातो. पावणेबाराला दिवा मालवला, तर साडेपाचपर्यंत झोप होते ती पावणेसहा तासांची.

ग्रामीण भागातील मुलीचा दिवस निराळा असतो, पण हिशेब फारसा निराळा नसतो. ती पाचला उठते, पाणी भरते, झाडलोट करते, भाकऱ्या थापायला आईला हात लावते. नऊ वाजता घाईने चार घास खाऊन वाड्या-वस्त्यांवरून चालत किंवा सायकलने थांब्यावर येते आणि एस.टी. गाठते. शाळा अकरा ते पाच. गाडी चुकली तर घरी पोहोचायला सात वाजतात. मग पुन्हा चूल, धाकट्या भावंडांचा अभ्यास, आणि सर्वांचे आटोपल्यावर स्वतःचा. तिच्या हाती मोबाईल नसला, तरी तिचीही झोप पुरी होत नाही.

दिवसाचे तास चोवीसच असतात. शाळा, शिकवणी, प्रवास आणि घरकाम यांचे तास मोठ्या माणसांनी ठरविलेले असल्यामुळे ते हलत नाहीत. तूट भरून काढायची वेळ आली, की ती झोप, न्याहारी आणि मैदान या तीन ठिकाणांहून भरली जाते. मुलाच्या वाढीला नेमक्या याच तीन गोष्टींची सर्वाधिक गरज असते.

झोप : पहिली उसनवारी

तेरा ते अठरा वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोप आवश्यक आहे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केली आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ ती प्रमाण मानतात. वरील उदाहरणातील मुलाची रोजची तूट किमान सव्वादोन तासांची आहे. सहा दिवसांत ती साडेतेरा तासांवर जाते. शनिवारपर्यंत या मुलाची दीड रात्रीहून अधिक झोप बुडालेली असते.

"आमचा मुलगा रात्री अकराशिवाय आडवाच होत नाही आणि सकाळी उठता उठत नाही," ही तक्रार आम्ही नित्य ऐकतो. हा सारा आळस नव्हे. आपल्या मेंदूत दिवस-रात्रीचे भान ठेवणारे एक जैविक घड्याळ असते. अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. वयात येताना हे घड्याळ सुमारे एक ते दोन तासांनी पुढे सरकते. दहा वर्षांच्या मुलाला नऊला पेंग येत असेल, तर त्याच मुलाला पंधराव्या वर्षी साडेदहा-अकरापर्यंत डोळा लागत नाही. हा बदल निसर्गतः घडतो. त्यात तेजस्वी दिवे आणि मोबाईलचा डोळ्यांजवळचा प्रकाश यांची भर पडली, की मेलाटोनिन आणखी उशिरा स्रवते.

अशा वेळी सकाळी लवकर उठविले, तर झोपेचा शेवटचा भाग कापला जातो. झोप सर्व प्रहरी सारखी नसते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप अधिक असते आणि वाढीचे संप्रेरक मुख्यतः त्या वेळी स्रवते. पहाटेच्या भागात स्वप्नांची झोप अधिक असते. दिवसा वाचलेले, ऐकलेले मेंदूत पक्के बसविण्याचे काम या दोन्ही प्रकारच्या झोपेत चालते, आणि मनातील भावनांचा निचरा होण्यास विशेषतः पहाटेची झोप उपयोगी पडते. रात्री जागून पाठ केलेले उत्तर परीक्षेत आठवत नाही आणि क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येते, त्याचे कारण येथे आहे.

लवकर निजावे, लवकर उठावे ही वडीलधाऱ्यांची शिकवण चुकीची आहे, असा याचा अर्थ नाही. ज्या घरांतून ती आली, त्या घरांत कंदील नऊला मालवत. आपण त्या शिकवणीतील उठण्याचा भाग ठेवला आणि निजण्याचा सोडून दिला. आठवड्याची थकबाकी मुले मग रविवारी दुपारपर्यंत झोपून वसूल करू पाहतात. त्यामुळे घड्याळ आणखी पुढे सरकते, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ सर्वांत जड जाते.

या प्रश्नाची दखल काही ठिकाणी शासनस्तरावरही घेतली गेली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, असे मत मांडले. सिएटल शहराने २०१६ मध्ये शाळांची वेळ पुढे नेली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले. शाळा उशिरा भरली तर मुले तितकीच उशिरा झोपतील, ही शंका त्यामुळे पुष्कळशी फिटली. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळांना साडेआठची मर्यादा कायद्याने लागू झाली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. हा निर्णय स्तुत्य आहे. परंतु तो चौथीपर्यंतचा आहे. घड्याळ ज्या वयात पुढे सरकते, त्या आठवी-दहावीच्या मुलांची झोप सांभाळण्याचे काम अद्याप प्रामुख्याने घरालाच करावे लागते.

न्याहारी, डबा आणि रक्त

दुसरी उसनवारी अन्नातून होते. बारा ते सोळा या वयात उंची, स्नायू, हाडे आणि रक्त ही सर्व एकाच वेळी वाढत असतात. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या काळाच्या आसपासच्या दोन वर्षांत, प्रौढ माणसाच्या हाडांत असणाऱ्या खनिजांपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग साठविला जातो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास रोज २२ मिलिग्रॅम आणि मुलीस ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. प्रौढ पुरुषासाठी हाच आकडा १९ आहे. म्हणजे नववीतल्या मुलीची लोहाची गरज तिच्या वडिलांच्या दीडपटीहून अधिक असते. पुष्कळ घरांत मात्र तिच्या ताटात वाढले जाते ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. मुलींमध्ये मासिक पाळीतील रक्तस्रावामुळे प्रमाण अधिक असते, तरी मुलग्यांचा आकडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. रक्तक्षयाची सुरुवात गाजावाजा करून होत नाही. जिना चढताना धाप लागते, खेळात दम टिकत नाही, केस गळतात, हातपाय गार पडतात. काही मुलींना पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा माती खाण्याची इच्छा होते. ही वाईट खोड म्हणून त्यांना रागावले जाते. वस्तुतः ते लोहाच्या कमतरतेचे सुपरिचित लक्षण आहे. शरीरातील लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच आटू लागतो. त्यामुळे हिमोग्लोबिन बारा भरले म्हणून थकवा खोटा ठरत नाही.

येथे एक बाब देणगीदारांच्या विशेष नजरेस आणावीशी वाटते. शासकीय व अनुदानित शाळांत मिळणारे दुपारचे शिजवलेले भोजन पहिली ते आठवीपर्यंतच असते. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी त्यात सुमारे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असावीत, असा दंडक आहे. मूल नववीत जाते आणि हे ताट बंद होते. गरज वाढलेली असते, शाळेचे अंतर बहुधा वाढलेले असते, आणि पोटाला आधार असतो तो फक्त घरच्या डब्याचा. ज्या घरात दोघेही पहाटे मजुरीला जातात, तेथे हा डबा रोज भरला जाईलच असे नाही.

नववीनंतर सुरू राहते ती साप्ताहिक लोहगोळी. निळ्या रंगाच्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ती शाळेतून आठवड्यातून एकदा विनामूल्य मिळते, आणि जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा दिली जाते. पुष्कळ मुले ही गोळी खिशात घालून घरी आणतात आणि ती तशीच पडून राहते. ती घेतल्याने मळमळते किंवा शौचास काळे होते, हे कारण सांगितले जाते. गोळी जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते, आणि काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असतो; त्यापासून अपाय नाही.

आहारातून लोह मिळविण्यासाठी महागडे डबे विकत आणण्याची गरज नाही. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, हरभरे, चवळी, अळीव, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या, आणि जे खातात त्यांच्यासाठी मासे, मटण, सुकट हे सर्व आपल्याच स्वयंपाकघरातील पदार्थ आहेत. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते; सोबत लिंबू, आवळा, पेरू किंवा कोथिंबीर असल्यास ते अधिक शोषले जाते, तर चहामुळे त्याला अटकाव होतो. म्हणून डब्यात लिंबाची फोड ठेवावी आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा. लोखंडी तवा आणि कढई अडगळीत टाकली असल्यास पुन्हा वापरात आणावी. नाचणी आणि तीळ हाडांच्या कॅल्शियमसाठी उपयुक्त आहेत. गोळ्या व आहार नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, सिकलसेल अथवा थॅलेसेमिया यांसारखी निराळी कारणेही असू शकतात.

पाणी, स्वच्छतागृह आणि न बोलली जाणारी अडचण

मुली शाळेत पाणी पीत नाहीत, हे अनेक मातांना ठाऊक नसते. बाटली सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येते. कारण विचारले तर उत्तर लाजत मिळते : स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून. दाराला कडी नसते, पाणी नसते, किंवा मधल्या सुट्टीत रांग संपत नाही. पाळीच्या दिवसांत ही अडचण दुप्पट होते आणि काही मुली त्या दिवसांत शाळाच टाळतात.

सहा-सात तास पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे याचे परिणाम मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी या रूपांनी आमच्यासमोर येतात. औषधाने जंतुसंसर्ग बरा होतो, पण कडी नसलेले दार तसेच राहिले तर तो दोन महिन्यांनी परततो. केरळमधील काही शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो इतरत्रही उचलला गेला. घंटेला खर्च येत नाही. तिच्यासोबत स्वच्छतागृहात वाहते पाणी आणि दाराला कडी एवढे मात्र असावयास हवे.

मैदान, डोळे आणि पाठ

तिसरी उसनवारी मैदानाकडून होते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयाच्या सुमारे ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नाही, आणि मुलींचे प्रमाण मुलग्यांहून अधिक वाईट आहे. आपल्याकडे दहावीच्या वर्षी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकणे हे कर्तव्यदक्षतेचे लक्षण मानले जाते. मुलगी मोठी झाली की तिचे खेळणे कोणी न सांगताच थांबते.

मैदानाचा संबंध डोळ्यांशीही आहे, हे पुष्कळांना नवल वाटेल. दूरचे अंधुक दिसणे, म्हणजेच लघुदृष्टी, ही शाळकरी वयात सुरू होते आणि वाढीच्या वयात तिचा क्रमांक चढत जातो. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. नेहमीप्रमाणे वागणाऱ्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. दिवसाच्या भरपूर प्रकाशामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि त्यायोगे नेत्रगोलाच्या अवाजवी लांबीला आळा बसतो, असे तज्ज्ञ मानतात. लहान वयातच ही सवय लावणे अर्थातच अधिक श्रेयस्कर होय.

दप्तराविषयीही दोन शब्द. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. नववी-दहावीसाठी ते अडीच ते साडेचार किलोच्या दरम्यान असावे. घरातील वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहावे. शाळेची पुस्तके, शिकवणीच्या वह्या आणि पाण्याची बाटली मिळून ते कितीतरी पुढे गेलेले आढळेल. मान-पाठ दुखण्याचे कारण अनेकदा तेथेच सापडते.

मन

झोप अपुरी, अंगात रक्त कमी आणि खेळ बंद, अशा अवस्थेत परीक्षेची टांगती तलवार आली म्हणजे मनावर काय ओढवत असेल, याची कल्पना करता येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात आणि त्यांचे खापर एका परीक्षेवर किंवा एका घरावर फोडणे उचित नाही. तथापि, सततची अपुरी झोप आणि खिन्नता यांचा परस्परसंबंध वैद्यकशास्त्रास निश्चितपणे ज्ञात आहे. एकीमुळे दुसरी बळावते आणि दुसरीमुळे पहिली.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प राहू लागले, आवडीच्या गोष्टींतून त्याचे मन उडाले, जेवण-झोप पार बदलली, आपल्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा "मी नसलेलेच बरे" असे काही बोलले, तर ते उद्गार हसण्यावारी नेऊ नयेत. त्याला स्पष्टपणे विचारावे. असे विचारल्याने नको तो विचार मनात भरविला जात नाही; उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये आणि विनाविलंब डॉक्टरांकडे आणावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य, मराठीतूनही, बोलता येते. हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

घरात काय करता येईल

सारे वेळापत्रक एका दिवसात बदलणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. पुढील गोष्टी मात्र बहुतेक घरांत शक्य आहेत.

१. रात्री निजण्याची वेळ ठरवावी आणि ती दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणावी. एकदम दोन तास लवकर झोपविण्याचा प्रयत्न फसतो.

२. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल एका ठरलेल्या जागी, झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. हा नियम आई-वडिलांनाही लागू असावा, तरच तो टिकतो. गजरासाठी साधे घड्याळ आणावे.

३. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर, अंगणात किंवा रस्त्यावर उजेडात काढावीत. जैविक घड्याळ मागे आणण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

४. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-तीस मिनिटांची डुलकी जरूर घेऊ द्यावी. संध्याकाळची झोप टाळावी. सायंकाळनंतर चहा-कॉफी देऊ नये.

५. रविवारी नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठावे.

६. न्याहारी करण्यास वेळ नसेल तर ती सोबत न्यावी. रात्रीची पोळी-उसळ, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेले अंडे, केळे यांपैकी काहीही चहा-बिस्किटांहून सरस आहे.

७. दोन शिकवण्यांपैकी एक खरोखरच आवश्यक आहे का, याचा घरातील सर्वांनी, मुलासह, विचार करावा. झोप परत मिळविण्याचा सर्वांत मोठा मार्ग बहुधा हाच असतो.

८. मुलगी आणि मुलगा यांच्या वाट्याला येणाऱ्या घरकामाचे तास एकदा कागदावर मांडून पाहावेत.

रुग्णालयाचा वाटा आणि आपला

या प्रश्नात रुग्णालयाच्या हाती काय आहे आणि काय नाही, हे देणगीदारांपुढे स्पष्ट मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शाळेत जाऊन हिमोग्लोबिन तपासणे, दृष्टी तपासून गरजूंना चष्मे देणे, रक्तक्षयावर औषधे पुरविणे, समुपदेशकाची वेळ उपलब्ध करून देणे, ही कामे आपल्या देणगीतून होऊ शकतात आणि ती मोलाची आहेत. चष्म्याअभावी फळ्यावरचे न दिसल्याने मूल ढ ठरते, आणि काही रुपयांच्या तपासणीतून त्याचे वर्ष वाचते. मात्र सव्वादोन तासांची झोप कोणत्याही औषधाच्या बाटलीत भरून देता येत नाही. ती घरानेच द्यावयाची आहे.

शाळांच्या व्यवस्थापनात असलेल्या आमच्या विश्वस्तांना आणि हितचिंतकांना विनंती, की स्वच्छतागृहाच्या दाराची कडी, पाण्याची घंटा, मैदानाचा राखलेला तास आणि नववी-दहावीच्या गरजू मुलांसाठी मूठभर भाजलेले हरभरे-शेंगदाणे या विषयांना आपल्या सभेत स्थान द्यावे. एखाद्या मोठ्या यंत्राच्या देणगीइतकेच आरोग्य या लहान गोष्टींतून साधते.

पालकांसाठी शेवटची एक सूचना. या वयाच्या पाल्यास थकवा, चक्कर वा डोकेदुखीसाठी तपासणीस आणताना एका साध्या कागदावर मागील सात दिवसांची नोंद करून आणावी : किती वाजता निजला, किती वाजता उठला, काय काय खाल्ले, किती ग्लास पाणी प्यायला आणि किती वेळ उघड्यावर होता. ही नोंद शक्यतो मुलानेच लिहावी. डॉक्टरांना ती जुन्या अहवालांच्या जाड फाईलइतकीच उपयोगी पडते, आणि आपला दिवस कोठे जातो हे लिहिताना मुलालाही प्रथमच दिसते. पुष्कळशा तपासण्यांचा खर्च त्या एका कागदाने वाचू शकेल.